मी चटईवर असताना मला हाक मारू नका

आज सकाळी २५ मिनिटांत मला ५ हाका आल्या. मोजल्या मी. पहिली पोराची, मोजे कुठेत. दुसरी सासूबाईंची, देवाचा तांब्या सापडत नाही. तिसरी दूधवाल्याची बेल, घरात तिघं जागे असून एकालाही ऐकू आली नाही. चौथी परत पोराची, दुसरा मोजा. आणि पाचवी आमच्या ह्यांची, चार्जर. मी पाठीवर झोपून कंबर वर उचलून धरलेली, ३० मोजायचे होते, २२ वर होते. उठले. चार्जर त्यांच्याच बॅगेत होता.

तरी काही बोलले नाही. भुसावळला अपडाऊन करतात, गाडीची वेळ झालेली. पण बूट घालता घालता ते अगदी प्रेमाने म्हणाले, "अगं तू दिवसभर एवढी पळतेस, तुला वेगळा व्यायाम कशाला पाहिजे? घरकाम म्हणजे व्यायामच." तेव्हापासून डोकं तापलंय. दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात होतं, आता भांडी आवरून लिहायला बसलेय, लांबेल पोस्ट.

घरकाम म्हणजे व्यायाम असता ना, तर माझी माय त्या दिवशी पंगतीतून उठली असती.

तीन वर्षं झाली. अमळनेरकडे माहेरी कानबाई होत्या, आमच्या खान्देशातला देवीचा सण. ज्यांच्या घरी बसतात त्यांना माहितीये, श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार, सगळी भाऊबंदकी जमलेली, रोटांचा स्वयंपाक, घरात पाय ठेवायला जागा नाही. बायकांची पंगत नेहमीप्रमाणे शेवटी. जेवणं झाली, सगळ्या उठल्या, माय तशीच बसून. ताटात उरलेलं मीठ बोटाने गोळा करत होती. मी विचारलं, अजून वाढू का काही? म्हणे नको, "बसस जराशी." मीठ गोळा करायची, परत पसरायची, परत गोळा करायची. खोलीतली शेवटची बाई बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "हात दे वं." माझा एक हात पुरला नाही. वहिनीला हाक मारावी लागली. दोघींनी धरून उठवलं तेव्हा तिचा कोपर थरथरत होता आणि ती आमच्याकडे बघत नव्हती.

५९ वर्षांची होती ती तेव्हा. फक्त ५९.

आणि ही बाई आयुष्यात एक दिवस रिकामी बसलेली नाही. कपाशी वेचली, विहिरीवरून पाणी आणलं, म्हशींचं केलं, दहा माणसांच्या भाकरी थापल्या, दळणाचा डबा डोक्यावरून आणला. आता कुणी मला सांगा की तिला व्यायाम कमी पडला कारण तिने काम कमी केलं. सांगाच. काम कमी नव्हतं, एकच काम एकाच बाजूने वाकून चाळीस वर्षं केलं, दमल्यावर थांबायची सोय नव्हती, दुखलं तर बाम लावून परत उभं राहायचं. व्यायामात ज्या स्नायूला ताण द्यायचा त्यालाच देतात, मग त्याला विश्रांती देतात, आणि झेपेल तसं थोडं थोडं वाढवत नेतात. घरकामात यातलं काय होतं? तिशीनंतर तसेही स्नायू हळूहळू कमी होतात, पाळी गेली की हाडं आणखी ठिसूळ होत जातात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला निदान १५० मिनिटं श्वास जरा वाढेल अशी हालचाल सांगते, आणि त्याशिवाय निदान २ दिवस ताकदीचा व्यायाम. हो, त्या हालचालीत घरकामही धरतात, काहीच न करण्यापेक्षा बरं, मान्य. पण ताकदीचा व्यायाम केर काढून होत नाही.

मला इच्छाशक्तीवर लेक्चर देऊ नका कुणी. दोनदा सोडलंय मी. एकदा जिमला ३ महिन्यांचे पैसे भरून ११ दिवस गेले, एकदा यूट्यूबवरचं ३० दिवसांचं चॅलेंज घेतलं, नवव्या दिवशी पोराला ताप आला तिथेच संपलं. इथे जळगावात मेहरूण तलावावर रोज फिरायला जाणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण जायला यायला आणि चालायला मिळून सव्वा तास लागतो, तो सव्वा तास माझ्या सकाळीत नाही.

या वेळी टिकलंय, मकर संक्रांतीपासून. चटई दिवाणाखाली ठेवत नाही, दाराआड गुंडाळून उभी असते. ती खालून ओढून काढायचा कंटाळा हेच माझं निम्मं कारण होतं. साडेपाचला उठून कुकर लावायच्या आधी चटई, कुकर लावला की संपलं सगळं. ४ सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न लावता १५ वेळा उठबस, भिंतीला हात लावून दंड, कंबर उचलायचा प्रकार, आणि पाणी भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या घेऊन हाताचं. नळाला पाणी यायच्या दिवशी फक्त १० मिनिटं, पण १० तरी. मे महिन्यात ४४-४५ च्या उन्हात सहानंतर स्लॅबखाली हलवत नाही, तेव्हा पाचलाच करायचे. कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो ना, त्याच चौकोनात माझेही खाडे लिहिते लाल पेनाने. या महिन्यात दुधाचे ३ आणि माझे २ आहेत.

राग ह्यांच्यावर नाही खरं तर. सकाळी होता, आता लिहिता लिहिता उतरला. रात्री उशिरा येऊन पोराचा अभ्यास तेच घेतात, आणि बाईने दार लावून स्वतःसाठी २५ मिनिटं घेतलेली त्यांनीही त्यांच्या घरी कधी बघितली नाहीत, मीही माझ्या घरी नाही. पण सकाळी तेच पेपर वाचत असले की पोरं आवाज करत नाहीत, "बाबा पेपर वाचताय" एवढं पुरतं. मग "आई चटईवर आहे" एवढं का पुरत नाही? त्यांचा पेपर अर्धा तास थांबत नाही आणि माझे गुडघे थांबतात?

संध्याकाळी ह्यांना पंगतीची गोष्ट सांगितली. तीन वर्षांत कधी सांगितली नव्हती, मायला ते आवडलं नसतं म्हणून. काही बोलले नाहीत. मग बाहेरच्या दाराला दुधाची पिशवी अडकवायला खिळा ठोकत बसले. सासूबाईंना वाटलं काही पडलं.

मायला मी गेल्या दिवाळीत खुर्चीवरून उठबस शिकवली. आधी दोन्ही हात टेकून, मग एक. ती लाजायची, दार लावून करायची. तिला वाटायचं सुना हसतील. मघाशी फोन आला होता. म्हणे आज हात न लावता ७ वेळा झालं, आणि आठव्याला वहिनी चहा घेऊन आली म्हणून राहिलं.

वहिनीला उद्या फोन करणार आहे.