‘देव त्यालाच मदत करतो जो स्वतःला मदत करतो’ हे वचन बायबलमध्ये नाही

‘बायबल म्हणते’ असे सांगत हे वाक्य पुढे पाठवले जात आहे. खाली पुस्ती जोडलेली असते: आधी नेमाने प्रार्थना करा, मग कृपा मिळेल. यातले वाक्य बायबलमध्ये कुठेही नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी ते १७३६ च्या आपल्या पंचांगात छापले होते आणि त्याचा आशय त्याहून कितीतरी जुना आहे.

पुस्ती तर जास्तच घातक आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १८) येशू दोघांची गोष्ट सांगतो. त्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहूदी, आठवड्यातून दोनदा उपास करी, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देई आणि प्रार्थनेत तेच देवाला ऐकवी. दुसरा जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत असा करवसुली करणारा; तो दूर उभा होता. वर पाहायचेही त्याला धाडस होईना. ऊर बडवत तो एवढेच म्हणाला, “हे देवा, मज पाप्यावर दया कर.” नीतिमान ठरून घरी गेला तो हाच. त्याच्याजवळ दाखवायला काहीच नव्हते, हे वाचताना मला दर वेळी भरून येते.

मग प्रार्थना कशाला? ५२९ साली ऑरेंज (आजच्या फ्रान्समधले गाव) इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मसभेने याचे उत्तर दिले आहे: मागितल्यामुळे कृपा मिळते असे नव्हे, आपण मागतो तेच मुळी कृपेमुळे. म्हणजे पहाटे गुडघे टेकावेसे वाटणे, हीसुद्धा देणगीच.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसा, असा मात्र नाही. ‘आपले तारण साधून घ्या’ असे येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात सांगतो, पण लगेच कारणही देतो: तुमच्यात इच्छा आणि कृती घडवणारा देवच आहे. ज्यांची प्रार्थना महिनोन्‌महिने सुटली आहे, त्यांनी मागची बाकी फेडायच्या भानगडीत पडू नये. आज, आहात तिथूनच बोला.