शंभर मॅट्रिक्स आणि एक फुकटचा अभिमान

काम किरकोळ होतं. ४ बाय ४ च्या १०० मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते) एका त्रिमितीय अ‍ॅरेत रचून ठेवलेल्या. प्रत्येकीच्या आयगेनव्हॅल्यू आणि आयगेनव्हेक्टर काढायचे (मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्याची दिशारेषा बदलत नाही तो व्हेक्टर, आणि तो जितक्या पट होतो ती व्हॅल्यू). मॅटलॅब या गणिती प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यासाठी ‘आयग’ नावाचं फंक्शन तयारच असतं. साधा फॉर लूप, म्हणजे एकेक मॅट्रिक्स घेऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहिला असता तर पाच ओळींत आटोपलं असतं. पण मॅटलॅबवाल्यांत लूप टाळणं ही हुशारी समजली जाते. त्यामुळे लूप लिहिताना कुणीतरी मागून डोकावेल आणि ‘अजून लूप?’ म्हणून भुवया उंचावेल, अशी भीती मी वर्षानुवर्षं जपली आहे. (आजवर कुणीही डोकावलेलं नाही.)

पहिलं घोडं मितीपाशीच अडलं. माझा अ‍ॅरे होता १०० बाय ४ बाय ४. त्यातून पहिली मॅट्रिक्स काढली, तर ती आली १ बाय ४ बाय ४. आकडे तेच सोळा, पण ‘आयग’ला ही मॅट्रिक्स वाटेचना. तो बिनकामाचा १ काढून टाकायला ‘स्क्वीझ’ असतं, हे आठवेपर्यंत माझंच स्क्वीझ झालं होतं.

मग ‘अ‍ॅरेफन’. एका ओळीत शंभरही मॅट्रिक्सवर फंक्शन फिरवायचं, केवढा रुबाब! लगेच लाल अक्षरं आली. उत्तर एकच आकडा असेल असं ते गृहीत धरतं, इथे चार होते. ‘युनिफॉर्मआउटपुट’ हा पर्याय फॉल्स (म्हणजे बंद) करा, असा उपायही तिथेच लिहिलेला. पण लाल अक्षरं मी वाचत नाही, नुसता घाबरतो. त्यामुळे तो उपाय मला तासाभराने स्वतःच ‘सुचला’.

आता हाती शंभर सेल, म्हणजे काहीही मावणारे डबे, आले. प्रत्येकात चार आयगेनव्हॅल्यू. व्हेक्टर मात्र बेपत्ता. कारण ‘आयग’चा स्वभाव असा, की एक उत्तर मागितलं तर व्हॅल्यू देतो. दोन मागितली तर पहिल्या जागी व्हेक्टर आणि व्हॅल्यू दुसऱ्या जागी, त्याही मॅट्रिक्सच्या कर्णावर बसवून. म्हणजे बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे दुसरं नाव लिहिताच पहिल्या नावातला मजकूर बदलतो! हे कळेपर्यंत मी व्हेक्टरांचा आलेख व्हॅल्यू समजून काढला होता, आणि तो बघून समाधानाने मानही डोलावली होती.

मग व्हेक्टरांचे सेल पुन्हा अ‍ॅरेत भरताना ‘सेलटूमॅट’ (सेल जोडून एक मॅट्रिक्स करणारं फंक्शन) वापरलं, तर ४ बाय ४०० ची लांबलचक पट्टी निघाली. तिसऱ्या मितीत रचायला ‘कॅट’ या जोडणाऱ्या फंक्शनला ३ हा आकडा सांगावा लागतो.

एवढं झाल्यावर समजलं, की २०२३ पासून ‘पेजआयग’ हे फंक्शनच आलंय. थप्पीतल्या प्रत्येक पानावर, म्हणजे मॅट्रिक्सवर, स्वतःच चालतं, फक्त पानं तिसऱ्या मितीत हवीत. मी ‘परम्यूट’ने मिती फिरवल्या. उत्तर ताडून पाहिलं: व्हॅल्यू जुळल्या, व्हेक्टर एकही नाही. दोन तास गेले. मिती ३-२-१ अशा फिरवल्या होत्या, हव्या होत्या २-३-१. त्यामुळे प्रत्येक मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ झाले होते, म्हणजे तिचा ट्रान्स्पोज झाला होता. आणि मॅट्रिक्सचा ट्रान्स्पोज घेतला तरी व्हॅल्यू बदलत नाहीत, म्हणून अर्धं उत्तर बरोबर येऊन मला झुलवत राहिलं.

ताडून पाहिलं ते कशाशी, असं कुणी विचारू नये. फाइलच्या तळाशी, पाच ओळींचा, साधा फॉर लूप.