भूकंपाच्या आधीचा फोटो

जुलै लागला की सांगलीत कोणी कोणाची तब्येत विचारत नाही. "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, आणि त्यापुढे घराघरांत काय वर न्यायचं यावर वाद. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातलं घर सोडताना आईने देव घेतले, दागिने घेतले, रेशनकार्ड घेतलं आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेतली. फोटोंचे अल्बम दिवाणात राहिले. लोणचं त्याच वर्षी संपलं.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की फुगतो, चिकट होतो आणि तसाच वाळला की शेजारच्या फोटोला सोडत नाही. असे फोटो ओले असतानाच स्वच्छ पाण्यात एकेक सुटे करून मग वाळवायचे असतात. हे सांगणारा माणूस भेटला तोवर पुरानंतरचं कडक ऊन पडून सगळं खडखडीत वाळलं होतं. काकांच्या सप्तपदीला आत्याचं डोहाळजेवण असं काही चिकटलंय, की काका सात पावलं चालून थेट ओटीभरणाला पोचतात.

जे वाचलं ते क्लाउडवर चढवायचं ठरलं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर जमाखर्च लिहितो, म्हणजे मला कॉम्प्युटर येतो, असा घरच्यांचा समज. काम माझ्या गळ्यात पडलं. क्लाउड म्हणजे काय हे मात्र मला कोणाला विचारावं लागलं नाही. ते हरिपूरचं पेव. माल आपला, खड्डा दुसऱ्याच्या जमिनीत, वरून माती लिंपलेली, आणि आपल्या हातात फक्त पावती. हळद त्यात वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली, आणि अजूनही तो विषय निघाला की अडतीवरची जुनी माणसं कपाळाला हात लावतात. क्लाउडचं बरं असतं. आपलं पेव कुठल्या गावात आहे हेच ठाऊक नसल्याने तिथल्या नदीला पाणी किती, याचा घोर नाही.

भाड्याचा हिशेब मी आधी बघून घेतला. गुगल फोटोज २०१५ साली निघालं तेव्हा ठरावीक आकारापर्यंतचे फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत, असा व्यवहार होता. १ जून २०२१ पासून नवा माल मोजायला लागले. तशा आकारात आधी ठेवलेला माल मोजला नाही. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट. ॲपलकडे ५. फोटो चार एमबीचा धरला तर १५ जीबीत पावणेचार-चार हजार बसतात, आणि आमच्यात एका बारशाला तेवढे निघतात. आधी गोदाम भरू द्यायचं आणि मग भाडं सांगायचं, यात अडत्याच्या नजरेने गैर काहीच नाही. आमची सेवा कुठल्या कंपनीची ते मात्र सांगत नाही. पुढचं वाचल्यावर दोष कंपनीचा नाही हे कळेलच.

खरा घोळ तारखांचा. मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख लिहिलेली असते, तिच्यावरून ॲप फोटो ओळीने लावतं. जुना कागदी फोटो स्कॅन केला की त्याला स्कॅनची तारीख चिकटते. त्यामुळे १९८४ साली गेलेले आमचे आजोबा २०२२ च्या मे महिन्यात, नातीचा पोहण्याचा क्लास आणि हापूसची पेटी यांच्या मधोमध फेटा बांधून उभे राहिले.

"असू दे की, बरे दिसतात," आई म्हणाली.

पण तारखा नीट लावायच्याच म्हणून मिरजेहून आत्याला बोलावलं, काकांना बसवलं आणि पहिला फोटो पुढे केला. आजोबा, आजी, मांडीवर कोणीतरी, मागे भिंत.

"हा भूकंपाच्या आधीचा," आत्या म्हणाली.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. एवढं पक्कं आहे. पण ॲपला दिवस, महिना, वर्ष लागतं, वर तास आणि मिनिटंही लागतात. "आधी" लिहायला रकाना नाही.

"आधी म्हणजे किती आधी, आत्या?"

"भिंत बघ की. तडा आहे का?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ही आपली भिंतच नव्हे. शेजाऱ्यांची आहे."

"आपलीच. ही खुंटी बघ. दादांची टोपी असायची हिच्यावर."

"खुंटी भूकंपानंतर मारली. मी धरलेली, त्यांनी ठोकली. अंगठ्याला लागलं होतं माझ्या."

"तेव्हा तू रांगत होतास."

यावर दोन चहा झाले. काकांनी अंगठा दाखवला. त्यावर काही नव्हतं. शेवटी मी जमाखर्च लिहिणारा माणूस, ताळा जुळवून मोकळा झालो: भूकंपाच्या आधीचं जे काही निघेल त्या सगळ्यावर १० डिसेंबर १९६७ घातली. नोंदीप्रमाणे त्या एका दिवसात आमच्या घराण्यात दोन लग्नं, एक मुंज, तीन बारशी झाली आणि शिवाय मंडळी पन्हाळ्याला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली याचं मला नवल वाटत नाही.

पुढे १० डिसेंबर उजाडला आणि ॲपने सगळ्यांना तो फोटो "या दिवशी" म्हणून आपणहून दाखवला. सकाळी सकाळी आत्याचा फोन. "बघ, मी म्हटलं नव्हतं? मोबाइललासुद्धा माहिती आहे." काकांनी तेव्हापासून ॲपवरचा विश्वास काढून घेतलाय.

चेहऱ्यांचंही तसंच. ॲप चेहरे ओळखून माणसांचे गठ्ठे लावतं, आणि अडलं की दोन फोटो शेजारी ठेवून "ही एकच व्यक्ती आहे का?" असं विचारतं. त्याने माझी बायको आणि आत्या शेजारी ठेवल्या. दोघींमध्ये रक्ताचं नातं नाही आणि वयात तीसेक वर्षांचं अंतर. मी "नाही" दाबायच्या आत बायकोने बघितलं. त्या रात्री पिठलं होतं. दुसऱ्या रात्रीही. सगळ्यात मोठा गठ्ठा कोणाचा निघाला म्हणाल, तर गुरुजींचा. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण, जिथे आम्ही तिथे गुरुजी. ॲपने गुरुजींची आपण होऊन एक छोटी फिल्म केली, मागे गिटार वाजतंय आणि गुरुजी एकेका दशकात जाड होत चाललेत. मी त्यांना पाठवली. त्यांनी स्टेटसला लावली आणि दक्षिणा वाढवली.

मग जागा संपल्याचा संदेश आला. पैसे भरण्याआधी केरकचरा काढू म्हणून आईला घेऊन बसलो.

"हे एकाच ताटातल्या मोदकांचे इतके फोटो?"

"एकाच कुठे? प्रत्येकाच्या कळ्या बघ. हा तुझ्या बायकोने केलेला." तो ठेवणं भागच होतं.

"हा उगवता सूर्य? शुभ सकाळ लिहिलेला?"

"मामींनी पाठवलाय. विचारलं त्यांनी, तर काय सांगू?"

"गॅसची पावती, २०१८ ची."

"ती यांनी काढलीय." बाबांनी ते कॉटवरून ऐकलं आणि गॅसवाला पुन्हा कधी पैसे मागायला येईल सांगता येत नाही, असं भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं. बाबांच्या औषधांच्या पाकिटांचे फोटो आहेत, मीटरच्या आकड्यांचे आहेत, आयर्विनच्या पातळीचे तर पावसाळ्यागणिक आहेत. संध्याकाळपर्यंत एकच फोटो काढायला परवानगी मिळाली. तो माझा होता. "बरा नाही आलास," आई म्हणाली.

काढण्यात वाकबगार एकटे काका. फोन हळू चालतो म्हणून त्यांनी फोनमधले फोटो सरसकट पुसले. फोन आणि क्लाउड जोडलेले असतात, त्यामुळे तिथलेही गेले. नुसता फोन मोकळा करायचा तर त्याचं बटण वेगळं असतं. सुदैवाने पुसलेले फोटो कचरापेटीत काही दिवस पडून असतात, गुगलकडे ६०, ॲपलकडे ३०. तेवढ्यात सापडले. आईच्या खात्याची काळजी वेगळी. दोन वर्षं न उघडलेली खाती पुसायला गुगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली, आणि आई काही आपणहून उघडणार नाही. म्हणून दसऱ्याला शिवणयंत्राला आणि स्कूटरला फूल वाहिलं की आईचं लॉगिन करतो. पासवर्ड मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. ओटीपी बाबांच्या फोनवर येतो, आणि मुहूर्तावर बाबा झोपलेले असतात.

एवढं करून जाणकार म्हणतात, क्लाउडवर एकट्यावर विसंबू नका. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे कुठे? मिरजेला आत्याकडे ठेवावी तर कृष्णा तिकडेही आहे. बायकोच म्हणाली, माझ्या भावाकडे ठेवा, जतला. जिल्ह्यात पुराची भीती शून्य असलेलं याहून खात्रीचं ठिकाण नाही. तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हार्डडिस्क भरून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मेहुण्याच्या कपाटात ठेवून आलो.

परवा त्याचा फोन आला. "दाजी, ती तुमची डबी हाय न्हवं, तिच्यात जागा हाय का? पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ टाकायचा हुता."

"भरलीय हो पूर्ण."

"मग तुमचं थोडं काढू का? हितं लई मोदकं दिसाल्यात."

स्पीकर चालू होता. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "त्यातलं एकही काढायचं नाही म्हणावं! लग्नाचा व्हिडिओ इकडे पाठवायला सांग, आपण ठेवू."