गरजू

मी ५२ वर्षांचा आहे. नोकरी चालू आहे, डोकं कानशिलं सोडली तर काळं आहे आणि लिफ्ट बंद असली तर चौथ्या मजल्यापर्यंत मी एकदाच थांबतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या चौकात भल्यामोठ्या फ्लेक्सवर जवळजवळ आठवडाभर माझा फोटो होता आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘गरजू ज्येष्ठ नागरिकांना मोफत चष्मेवाटप’.

मी ज्येष्ठ नाही. गरजूही नाही. त्या दिवशी मला गरज होती ती फक्त स्कूटरची.

रविवार होता, ७ डिसेंबर २०२५. मटण आणायला खाली उतरलो तर सोसायटीच्या गेटला लागूनच मांडव ठोकलेला आणि माझी स्कूटर मांडवाच्या आत, जनरेटर आणि डॉक्टरांच्या टेबलामधे. तिच्या सीटवर कुणीतरी बिस्किटांचे खोके रचले होते. बाहेर काढायची तर वाट एकच, शिबिराच्या रांगेतून. मी बाजूने घुसायला गेलो तर तीन आजोबा एका सुरात ओरडले, “ओ, रांग आहे!” ज्यांना दिसत नाही म्हणून शिबिर भरलं होतं, त्यांना मी मात्र लांबून नीट दिसलो. उभा राहिलो रांगेत.

टेबलाशी बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा बसला होता. टी-शर्टच्या छातीवर दादांचा फोटो, पाठीवर वहिनींचा. नोव्हेंबरात महापालिका निवडणुकीच्या आरक्षणाची सोडत निघेपर्यंत दोन्ही बाजूंना दादाच होते. सोडतीत दादांना हवी होती ती जागा महिलांसाठी राखीव झाली आणि दोन दिवसांत वहिनी समाजसेविका झाल्या. त्या घाईत दादांना पाठीवरून उतरवलेलं दिसत होतं, कारण वहिनींच्या कानामागून जुन्या छपाईचा अर्धा मिशीचा आकडा डोकावत होता.

“नाव?”

“मला स्कूटर काढायचीय.”

“काढू ना काका. आधी नाव सांगा.”

नाव सांगितलं. त्याने मोबाईलमधल्या मतदारयादीत टाइप केलं, बोटाने वरखाली केलं आणि मान डोलावली. “सापडलात. चांदण्या नाहीत तुमच्या नावापुढे. भारी.”

“कसल्या चांदण्या?”

“दोन चांदण्या असल्या म्हणजे दुबार. नाव दोन ठिकाणी असण्याचा संशय. तुम्ही एकच आहात.” हे त्याने अशा कौतुकाने सांगितलं की मलाही क्षणभर बरं वाटलं.

“वय?”

“५२.”

त्याने लिहिलं, ६२.

“अरे, ५२!”

“शिबिर साठच्या पुढचं आहे काका. ५२ टाकलं तर चष्मा बसत नाही.”

“मला चष्मा नकोच आहे. आहे माझ्याकडे. हा काय, नाकावर!”

“म्हणजे डोळे खराब आहेत. मग बरोबर आलात.” त्याने पुढचा रकाना घेतला. “घरात मतं किती?”

“माणसं तीन.”

“माणसं नाही विचारली, मतं.”

“दोन. मी आणि बायको.”

“म्हणजे आठ,” तो म्हणाला आणि आठ लिहिले. माझा चेहरा बघून त्याने समजावलं. प्रभाग चारचा, म्हणजे प्रत्येकाने चार बटणं दाबायची, अ ब क ड. दोन चोक आठ. “तिसरा कोण? पोरगा? वय?”

“१८ पूर्ण झाली. ऑगस्टमधे.”

त्याचा चेहरा खरोखर पडला. घरातलं कुणी गेल्याचं कळावं तसा. “ऑगस्ट... यादी १ जुलैची धरलीय काका. दीड महिन्याने हुकलं. चार गेली.” थोडं थांबून, मला दोष द्यायचा नाही पण वस्तुस्थिती बोलायलाच हवी अशा आवाजात म्हणाला, “जरा लवकर पाहिजे होता.”

अठरा वर्षांपूर्वीच्या त्या ऑगस्टबद्दल मला बरंच काही बोलता आलं असतं, पण मागे रांग होती.

“बरं, तुमचं घर पिवळं आहे.”

आमच्या इमारतीला कुठला रंग आहे हे सांगणं अवघड आहे, पण पिवळा नक्की नाही. त्याने मोबाईल माझ्याकडे वळवला. पडद्यावर आमची सोसायटी होती. प्रत्येक फ्लॅटचा एक चौकोन, काही हिरवे, काही लाल, बरेच पिवळे.

“हिरवं म्हणजे आपलं. लाल म्हणजे समोरच्याचं. पिवळं म्हणजे अजून ठरत नाही. तुमच्या वरचे लाल आहेत, त्यांच्याकडे आपण जातच नाही. खालचे हिरवे, तिकडेही जायला लागत नाही. पिवळ्याला मात्र रोज माणूस जातो. सकाळी एक, संध्याकाळी एक. रविवारी वहिनी स्वतः.”

आता उलगडा झाला. गेला महिनाभर आमची बेल वाजत होती आणि वरच्या मजल्यावरचा लाल माणूस सुखाने झोपत होता.

“हिरवं केलं तर कोणी येणार नाही?”

“कशाला येतील? आपलीच माणसं तुम्ही.”

“मग हिरवं कर.”

त्याने बोट टेकवलं. माझं घर हिरवं झालं. लोकशाहीत मत गुप्त असतं असं शाळेत शिकलो होतो. मी माझं मत दुपारच्या झोपेच्या बदल्यात, बिस्किटांच्या खोक्यांसमोर दिलं.

“व्यवसाय निवृत्त लिहितो. वाहन?”

“स्कूटर! तीच तर काढायचीय!”

“वाहन लिहिलं तर गरजूत बसणार नाही तुम्ही,” तो हळूच म्हणाला आणि त्या रकान्यात ‘पायी’ असं लिहिलं.

मग सगळं झटपट झालं. कुणीतरी खांद्याला धरून मला पुढे केलं, फोटोवाल्याने माझा चष्मा उतरवून माझ्याच खिशात ठेवला, वहिनींनी दुसरा नाकावर चढवला आणि म्हणाल्या, “दिसतंय ना काका आता?” वहिनी माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असतील. त्या चष्म्यातून मला वहिनी दिसत नव्हत्या, फोटोवाला दिसत नव्हता, स्कूटरही दिसत नव्हती. हातात दिलेल्या डबीवरचा वहिनींचा फोटो तेवढा स्वच्छ दिसत होता. डोळे बारीक करून मी आवाजाच्या दिशेने बघितलं आणि नेमका तेव्हाच त्याने फोटो काढला. त्यात मी ७५ वर्षांचा दिसतो, आणि कृतज्ञ.

मटण संपलं होतं. घरी अंडाकरी झाली.

फ्लेक्स मंगळवारी लागला. मुलाने तो घरच्या ग्रुपवर टाकला. सांगलीहून चुलतभावाचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग आवाज खाली आणून म्हणाला, “अडचण होती तर सांगायचं होतंस रे. चष्म्यासाठी लोकांपुढे हात पसरायचा?” मी सगळी कथा सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि तरी दुसऱ्या दिवशी ऑनलाइन दोन हजार पाठवले. ऑफिसात सायबांनी निवृत्तीची तारीख विचारली. सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव भेटले, ते तर दुखावले होते. म्हणाले, “आम्हाला वाटायचं तुम्ही पन्नाशीतले. वर्गणी चुकवायला वय लपवलंत होय?”

इथवर हसून सांगता येतं. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

आमचं हे सिंहगड रस्त्याच्या बाजूचं गाव ३० जून २०२१ ला पुण्यात आलं. आम्ही कुठे गेलो नाही, पुणंच आलं. त्या दिवशी २३ गावं एकदम शहर झाली. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला. म्हटलं आता नगरसेवक मिळेल. पण महापालिकेची निवडणूक झाली होती फेब्रुवारी २०१७ मधे, मुदत संपली मार्च २०२२ मधे, आणि मग प्रभाग तीनचा की चारचा, ओबीसी आरक्षण किती, यावर जे सुरू झालं ते कोर्टातून हलेचना. राज्यघटना म्हणते पाच वर्षं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मधे चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, ते चार महिनेही वाढत वाढत जानेवारी २०२६ वर आले. तोवर सगळा कारभार प्रशासकाकडे. शेवटचं मतदान झालं तेव्हा माझा मुलगा नऊ वर्षांचा होता, आता दाढी करतो. आमच्या गल्लीने नगरसेवक हा प्राणी फक्त ‘भावी’ या अवस्थेत पाहिलाय.

जानेवारी २०२५ मधे नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या आमच्याच पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडायला लागले. धडधाकट माणसांच्या हातापायांतली ताकद जात होती आणि आम्ही नळाच्या पाण्याकडे बघत बसलो होतो. तेव्हा कुणाला विचारायचं? आमची बेल त्या महिन्यात एकदाही वाजली नाही. पाणी उकळून प्या, एवढं व्हॉट्सॲपवर आलं, तेही मामेबहिणीकडून. आमच्या गेटसमोरच्या चेंबरचं झाकण मे महिन्यापासून गायब आहे. वॉचमनने त्यात बाभळीची फांदी खोचून ठेवलीय. आता ४१ प्रभाग, १६५ जागा आणि आमच्या एका प्रभागात मी मोजले ते इच्छुक बावीस. त्यातले सात जण दिवाळीत उटणं देऊन गेले. सात उटणी! एक तुळजापूरला बस नेतो, एक उज्जैनला, एकाने त्याच फांदीच्या पलीकडे रात्री अकरापर्यंत खेळ पैठणीचा केला आणि सूत्रसंचालक माइकवरून सांगत होता, “वहिनी, फांदी सांभाळून या!” सगळ्यांना ती फांदी दिसते. चष्मा न लावता दिसते.

असो.

१५ डिसेंबरला आचारसंहिता लागली आणि रात्रीतून फ्लेक्स उतरले. सुटलो, म्हटलं. चार दिवसांनी भाजी घ्यायला गेलो तर कांदे-बटाटेवालीच्या गाडीवर ऊन लागू नये म्हणून मी. वहिनींच्या भागाला भोकं पडली असावीत, तो कापून टाकला होता. मी तेवढा शाबूत, उलटा, ‘गरजू’ या शब्दासकट. तिने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. पिशवीत कांदे टाकले आणि वर न मागता कोथिंबिरीची अख्खी जुडी ठेवली. पैसे घेईना. नको म्हणायला तोंड उघडलं, पण परवा हीच जुडी वीस रुपयांना घेतली होती. मी पिशवी बंद केली.

काल, ३० डिसेंबरला, अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. रात्री साडेनऊला फोन.

“काका, ओळखलं का? शिबिरातला मी. आपल्या वहिनींना पक्षाने एबी फॉर्म, म्हणजे तिकीट, नाही दिलं हो. दुपारी दोनपर्यंत देतो देतो केलं आणि शेवटी तिसऱ्यालाच दिला. मग आपण अडीच वाजता तिकडून भरला.”

“तिकडून म्हणजे?”

“समोरून. आता ते आपले. म्हणजे जुने लाल आता हिरवे झाले, सगळी यादी उलटी करतोय बसून. तुमचं हिरवं तसंच ठेवतो ना?”

“पिवळं कर.”

“काका, पिवळं केलं तर रोज माणूस येईल.”

“येऊ दे. सकाळी एक, संध्याकाळी एक. आणि पहिल्या माणसाला म्हणावं, येताना चेंबरचं झाकण घेऊन ये.”

तिकडे बराच वेळ टाइप केल्याचा आवाज येत राहिला.

“काका,” तो शेवटी म्हणाला, “झाकणाचा रकाना नाहीये यात.”