पुन्हा तेच बोट!

लेन्सवरचं धुकं परवडलं. फुलपाखरांच्या काचघरात दमट उकाडा असणारच. गार हवेतून आत गेलं की काच धुरकटते, कॅमेरा पिशवीत बंद ठेवून थोडा वेळ कळ काढली की निवळते. पण माणसांचं काय करायचं?

ब्लू मॉर्फो हे निळं फुलपाखरू बसलं की पंख मिटून घेतं. दिसते ती फक्त तपकिरी बाजू आणि डोळ्यांसारखे ठिपके. तो झळाळता निळा आत. म्हणून गुडघ्यावर बसून, श्वास रोखून थांबायचं. अर्धा तास जातो. पंख जरासे उघडतात, निळ्याची एक रेघ चमकते... आणि माझ्या खांद्यावरून एक बोट पुढे येतं! "अय्या, खरं आहे का?" गेलं उडून.

दर वेळी हेच. अहो, त्या पंखांवर धुळीइतके बारीक खवले असतात. बोट लागलं की निघून येतात, पुन्हा उगवत नाहीत. आणि तो निळा म्हणजे रंगद्रव्य नव्हे, त्या खवल्यांच्या रचनेतून परतणारा प्रकाश आहे! खवले गेले की निळाई गेली. दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत 'हात लावू नका' लिहिलंय. पोरांना समजावता तरी येतं. त्यांना उचलून पंखांजवळ नेणाऱ्या आई-बापांना कोण सांगणार?