बॅरी सँडर्सचे उरलेले १,४५७ यार्ड

नमस्कार. अमेरिकन फुटबॉलपटू बॅरी सँडर्सवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की मी त्याला उगाच डोक्यावर घेतलंय. ऐन हंगामाच्या तोंडावर एक फॅक्स धाडून जो संघ सोडतो, विक्रमाच्या दडपणाला घाबरतो, तो महान नव्हे, पळपुटा. शब्द कडक आहेत, पण प्रश्न मनापासून विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचं जे पटतं ते. २७ जुलै १९९९ रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली ती विचिटा या आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्स करून. त्याच्या संघाचं, डेट्रॉईट लायन्सचं, सराव शिबिर अगदी तोंडावर होतं. प्रशिक्षकांना दुसरा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, शोधायला वेळच उरला नाही. करारही संपला नव्हता. पुढे लवादाने बोनसचा काही भाग परत करायला लावला. ही त्याची चूकच, आणि मूळ लेखात मी ती दोन ओळींत उरकायला नको होती.

पण 'घाबरला' हे मला अजिबात मान्य नाही. कारकिर्दीत चेंडू घेऊन धावत सर्वाधिक यार्ड कापण्याचा वॉल्टर पेटनचा १६,७२६ यार्डांचा विक्रम गाठायला त्याला १,४५७ यार्ड हवे होते. आदल्याच हंगामात, १६पैकी ११ सामने हरलेल्या संघाकडून खेळताना, त्याने १,४९१ काढले होते. वय ३१, पाय शाबूत. मग भीती कसली?

त्याचा पहिला हंगाम आठवा, १९८९चा. लीगमध्ये सर्वाधिक यार्डांच्या मानासाठी तो दुसऱ्या संघाच्या क्रिश्चन ओकोयेच्या फक्त १० यार्ड मागे होता. शेवटचा सामना जवळपास जिंकलेला, प्रशिक्षक वेन फाँट्स यांनी विचारलं, पुन्हा आत जातोस का? तो गेला नाही. १० यार्ड म्हणजे त्याच्यासाठी दोन-तीनदा चेंडू घेऊन धावणं! टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवल्यावर नाचणं नाही, चेंडू पंचांच्या हातात देऊन मुकाट बाजूला. २१व्या वर्षी जो माणूस असा होता, तो ३१व्या वर्षी आकड्यासाठी का थांबेल?

संघाचंही बघा. १० हंगामांत १५,२६९ यार्ड, आणि प्लेऑफमधला, म्हणजे हंगामअखेरच्या बाद फेरीतला, विजय एकच. समोरचे चौघे-पाच जण त्याच्यावर तुटून पडायचे, कारण डेट्रॉईटकडे रोखण्यासारखा मुख्य माणूस तोच. हुलकावण्या देत तो निसटायचा खरा, पण कित्येकदा मागेच पाडला जायचा. त्याच्यासाठी वाट मोकळी करणारा सेंटर केव्हिन ग्लोव्हर, जवळचा मित्र, त्यालाही संघाने १९९७नंतर जाऊ दिलं. या सततच्या हरण्यानेच मन उडालं, असं त्याने पुढे सांगितलं आहे.

मला मात्र त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. १९९१मध्ये त्याच्याच पुढे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणारा गार्ड माइक अटली एका सामन्यात पडला आणि छातीखाली कायमचा लुळा झाला. मग आला १९९७चा हंगाम. पहिल्या दोन सामन्यांत मिळून सँडर्सचे जेमतेम ५३ यार्ड, आणि पुढच्या १४ सामन्यांत बरोबर २,०००! प्रत्येक सामन्यात शंभराच्या वर. २१ डिसेंबरला न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध त्याने २,०००चा टप्पा ओलांडला, आणि त्याच सामन्यात त्याचा सहकारी रेजी ब्राउन मणक्याला मार बसून निपचित पडला. श्वास थांबला होता, मैदानावरच तोंडाने श्वास देऊन त्याला वाचवावं लागलं. सुदैवाने तो पुढे चालू लागला, पण खेळ कायमचा संपला.

हेच सँडर्सच्या निवृत्तीचं कारण होतं, असा माझा दावा नाही. पण 'आणखी एक वर्ष खेळला असता तर काय बिघडलं असतं?' असं तुम्ही विचारता, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो २१ डिसेंबरचा सामना येतो. त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिवस, आणि गुडघे टेकून प्रार्थना करणारे दोन्ही संघ. ते बघितल्यावर मला तो प्रश्न त्याला विचारवत नाही.