'आपण'मध्ये नेमकं कोण कोण?

घरी आलेल्या पाहुण्यांना "आम्ही जेवायला बसतोय" म्हटलं, तर ते बिचारे चपला शोधायला लागतील. "आपण जेवायला बसू या" म्हटलं की त्यांचंही पान मांडलं जातं. ऐकणाऱ्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. हिंदीत दोन्हींना एकच 'हम'. गुजरातीत मात्र 'आपणे' आणि 'अमे', तमिळमध्ये 'नाम' आणि 'नांगळ', तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु'. हा भेद आपल्याकडे द्राविडी शेजारातून आला, असं बरेच भाषाभ्यासक मानतात.

शब्द मात्र संस्कृत 'आत्मन्'चा, प्राकृतातून घासून आलेला. मूळ अर्थ 'स्वतः', तो 'त्याने आपली चूक कबूल केली' यात अजून आहे. शिवाय आदरार्थी 'आपण' वेगळाच. एका शब्दावर तीन कामं, म्हणून घोळ.

सूचना लिहिणाऱ्यांनी क्रियापद सांभाळावं. 'आपण येणार आहोत' म्हणजे सगळे, 'आपण येणार आहात' म्हणजे तुम्ही. 'आपण ठरवलं' आणि 'आपण ठरवलंत' यांत सगळा भार शेवटच्या 'त'वर, आणि नेमका तोच गळतो. 'मंत्र्यांनी आपल्या गावाला निधी दिला' यात तर क्रियापदही मदतीला येत नाही. गाव कुणाचं? 'स्वतःच्या' लिहा, मिटलं. सोसायटीच्या फळ्यावर 'आपली थकबाकी'ऐवजी सरळ 'तुमची' लिहा, त्यात उद्धटपणा काही नाही.

एक सोय मोठी आहे. 'आलास की आलीस' हा प्रश्न 'आपण आलात'मध्ये उरत नाही. फक्त 'आपण दमलेले आहात' लिहिलंत की पुरुष डोकावतो; 'आपण दमलात' पुरे.

आता खरी तक्रार. स्थळ बघताना, घर भाड्यानं देताना "आपल्यातलेच ना?" विचारतात, तेव्हा 'आपण' म्हणजे जात. व्याकरणाला दोष देता येत नाही. 'आपण' समोरच्याला आत घेतो, समोर नसलेल्या तिसऱ्याची हमी त्याने कधीच दिलेली नाही. एवढा प्रेमळ शब्द कुंपण म्हणून इतका सहज वापरता येतो, तो यामुळेच.

राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत 'आम्ही, भारताचे लोक' आहे, 'आपण' नाही. कुणाला हे खटकेल; मला अगदी बरोबर वाटतं. 'आपण'ला समोर ऐकणारा लागतो. तिथे सगळेच बोलणारे आहेत, वगळायला समोर कुणी उरतच नाही. अर्पणसुद्धा 'स्वतःप्रत' आहे.